खराब बारकोड वाचणारं सॉफ्टवेअर : अकरा महिन्यांचा वापर आणि सहा चुकीची बिलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक शेतकरी माझ्या बियाण्या-औषधांच्या दुकानात आला. सोयाबीन उगवलं नव्हतं. तक्रार करायला तालुक्याला जाणार होता, हातात माझं बिल आणि बॅगेचा निळा टॅग. म्हणाला, "भाऊ, तुमच्या बिलावर लॉट नंबर वेगळा हाये अन् टॅगवर वेगळा. सायबानं इचारलं त काय सांगू?"

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. लॉट नंबर म्हणजे बियाण्याच्या एका खेपेचा नंबर, त्याचा शेवटचा आकडा वेगळा. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

ज्यांनी बियाणं विकलं किंवा घेतलं आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. उगवण झाली नाही तर तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येते, पंचनामा करते, आणि बिल, टॅग, बॅग मागते. बिलावरचा लॉट आणि टॅगवरचा लॉट जुळला नाही तर बियाणं कंपनीला हात वर करायला तेवढं पुरतं. पेरणी गेली, दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसला आणि वर कागदही खोटा. तो कागद माझ्या दुकानातून गेलेला.

दारव्हा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खराब बारकोड वाचणारं हे सॉफ्टवेअर मागच्या मेअखेरीस घेतलं, वर्षाला २,९५० रुपये. डीएपी खताच्या दोन बॅगांहून जास्त. आधी चौदाशे रुपयांची लेझर गन होती. ती कोरा करकरीत बारकोड वाचायची, पण माझ्याकडे कोरा करकरीत माल किती येतो? फवारणीच्या औषधाची एक बाटली गळली की पेटीतल्या बाकीच्यांची लेबलं तेलकट. बॅगेचं स्टिकर शिलाईत दुमडलेलं. गोदामाला टिनाचं छप्पर, मे महिन्यात आत उभं राहवत नाही. मी स्वतः छापून लावलेली थर्मल लेबलं पावसाळ्यापर्यंत फिकी पडतात. मृग लागल्यावर काउंटरवर तीस माणसं उभी असताना तेरा आकडे हाताने टाइप करत बसणं मला परवडत नाही.

सुरुवातीचे वीस दिवस मी या सॉफ्टवेअरवर खूश होतो, आणि ते खोटं नव्हतं. लेझर गन बारकोडवरून एकच रेघ फिरवते. त्या रेघेत ओरखडा आला की संपलं. हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने पूर्ण चित्र घेतं आणि त्यात वरपासून खालपर्यंत शेकडो आडव्या रेघा तपासतं. उभ्या पट्ट्यांच्या बारकोडमध्ये तोच नंबर प्रत्येक उंचीवर पुन्हा लिहिलेला असतो. वरचा अर्धा भाग उंदराने कुरतडला तरी खालच्या बोटभर पट्टीत पूर्ण नंबर शाबूत असतो. बाटलीच्या गोलाईवर वाकलेला बारकोड सरळ करून वाचतं, फिक्या काळ्यालाही काळं ओळखतं. या कामाला मी पूर्ण मार्क देतो, आजही.

खरी अडचण "दुरुस्ती" नावाच्या सोयीत आहे. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सगळा निकाल तिच्यावरच लागायला हवा.

मालाच्या बारकोडमध्ये १३ आकडे असतात. भारतात नोंदवलेल्या कोडची सुरुवात ८९० ने होते. शेवटचा आकडा तपासणीचा. आधीचे बारा आकडे आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जो आकडा लागेल तो तेरावा. त्यामुळे मधला एक आकडा खराब झाला तर उलटं गणित करून तो नेमका काढता येतो, उत्तर एकच येतं. इथे सॉफ्टवेअर दुरुस्ती करतं तेव्हा ते हिशेब करतं, अंदाज नाही. फक्त तपासणीचा आकडा त्यात खर्च होतो, म्हणजे दुसरी एखादी चूक असेल तर ती पकडायला मागे कोणी उरत नाही. दोन आकडे गेले तर दहा वेगवेगळी उत्तरं बसतात, तिथे गणित थांबतं.

लॉट नंबरचं तसं नाही. तो बियाणं कंपनीचा स्वतःचा नंबर, त्याला हे गणित लागू होत नाही. त्यातला आकडा वाचता आला नाही की हे सॉफ्टवेअर माझ्या स्टॉकच्या यादीत पाहतं आणि सगळ्यात जवळचा नंबर भरून टाकतं. जूनमध्ये माझ्याकडे एकाच वाणाचे दोन लॉट आले होते, फरक शेवटच्या आकड्याचा. स्टिकर दुमडलं होतं तिथे त्याने यादीतला पहिला उचलला. आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवली. स्वच्छ वाचलेल्या नंबरला जी खूण, तीच.

नंबर वाचला नाही, हाताने टाका, असं त्याने सांगितलं असतं तर माझी दोन मिनिटं गेली असती. त्या हिरव्या खुणेने एका माणसाचा तक्रारीचा हक्क जाऊ शकत होता.

त्या रात्री दुकान बंद करून त्या वाणाची सगळी बिलं काढली. एक्केचाळीस. ज्यांच्याकडे बॅग किंवा टॅग शिल्लक होता त्यांना फोन करून आकडे वाचून घेतले, बाकी आवक रजिस्टरावरून ताडून पाहिलं. सहा चुकीची निघाली. दोन दिवस मोटरसायकलवर फिरून सहाही घरी दुरुस्त बिलं दिली, मागच्या बिलाचा क्रमांक त्यावर लिहून, आणि तालुका कृषी कार्यालयात तसं लेखी पत्र दिलं. एका घरी म्हातारी माय म्हणाली, "बाप्पा, आमचं त उगवलं, तू कायले एवढा आला?" तिला काय सांगणार. पण उगवलं नसतं तर?

सॉफ्टवेअर कंपनीच्या कस्टमर केअरशी झालेलं भांडण थोडक्यात सांगतो. पहिल्या तीन फोनला एकच उत्तर, सोय ग्राहकांच्या मागणीवरून दिली आहे. चौथ्या वेळी एका मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, मी पाठवलेले दोन्ही स्टिकरचे फोटो पाहिले आणि सेटिंग कुठे आहे ते सांगितलं: स्कॅन, मग प्रगत, मग "यादीवरून पूर्ण करा". ते आधीपासून चालू असतं. बंद करा. हे वाचणाऱ्या प्रत्येक केंद्रवाल्याने आज बंद करावं.

इथपर्यंत माझं मत होतं की वर्ष संपलं की हे काढून टाकायचं. ते बदललं सप्टेंबरमध्ये, माझ्याच लेबलांमुळे.

सॉफ्टवेअर न वाचलेल्या लेबलांचे फोटो साठवून ठेवतं. एकदा सहज चाळले तर माझ्या प्रिंटरच्या प्रत्येक खराब लेबलवर एकाच जागी बारीक पांढरी उभी रेघ दिसली. दोष कागदाचाही नव्हता, उन्हाचाही नव्हता. प्रिंटरच्या हेडमधला एक ठिपका मेला होता. कागद पुढे सरकतो त्याच दिशेने बारकोडच्या पट्ट्या असतील तर ती रेघ बरोबर एका पट्टीवर बसते आणि पट्टी अख्खी जाते. बारकोड नव्वद अंशात फिरवून छापला की तीच रेघ सगळ्या पट्ट्यांना आडवी कापते आणि तिच्या वरखाली नंबर शाबूत राहतो. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहिलं, रेघ गेली नाही, म्हणून लेबल फिरवलं. नवीन हेडचे पैसे वाचले. त्या दिवसापासून माझी जुनी लेझर गनही माझी लेबलं वाचते.

क्यूआर कोडबद्दल एक गोष्ट. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये तो काढला तेव्हाच नुकसान भरून काढायची सोय आत घातली. पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी आतल्याच माहितीतून तो पूर्ण होतो. बाहेरच्या यादीची गरज नाही. पुरेसं उरलं नसेल तर स्कॅनर गप्प बसतो. बियाण्याच्या प्रत्येक बॅगेवर लॉट नंबर असाच यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

फेब्रुवारीच्या अपडेटमध्ये भरलेला आकडा पिवळ्या रंगात दाखवायला लागले. चांगलं झालं. पण यादीवरून भरायचं सेटिंग नव्या मोबाइलवर अजूनही चालूच येतं. परवा पुतण्याच्या फोनवर टाकलं तेव्हा पाहिलं. त्यावर मेल केला आहे, उत्तर यायचं आहे.

पुढच्या वर्षाचे २,९५० भरले. यंदा लॉट नंबर स्कॅन झाला तरी बिल देण्याआधी पुतण्या तो टॅगवरून मोठ्याने वाचतो आणि गिऱ्हाईक बिलावर बोट ठेवून जुळवतं. जुलैत आलेल्या त्या शेतकऱ्याची तक्रार दुरुस्त बिलावर दाखल झाली, समिती शेतात येऊन गेली. निकालाची वाट तोही पाहतोय, मीही.