गॉब्लिन आणि कापसाचा गुच्छ

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या की मी आठ-दहा दिवस गेवराई तालुक्यात माहेरी जाते. यंदा लेक संभाजीनगरच्या होस्टेलवरून थेट आजोळी आली, ती टॅबमध्ये ‘गॉब्लिन’ या कोरियन मालिकेचे सोळाच्या सोळा भाग भरूनच. दुपारी बाराला दारं लावायची, माळवदाच्या मधल्या खोलीत सतरंजी टाकायची आणि टॅब ज्वारीच्या कोठीला टेकवून ठेवायचा. बघायला तिघी : लेक, मी आणि माय. माय सत्तरीची, शाळेची पायरी न चढलेली. संवाद कोरियन, खाली इंग्रजी अक्षरं. मी वाचायचे आणि तिला आपल्या बोलीत सांगायचे. अख्खी मालिका मी अशी सांगत सांगत पाहिली. एकटीनं पाहिली असती तर त्यातलं निम्मं माझ्या लक्षातच आलं नसतं.

मालिका तशी जुनी. 2 डिसेंबर 2016 ते 21 जानेवारी 2017 या काळात टीव्हीएन वाहिनीवर शुक्रवार-शनिवारी लागायची. लेखिका किम उन-सूक, दिग्दर्शक ली उंग-बोक. याच जोडीची ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ त्याच वर्षी येऊन गाजली होती. ‘गॉब्लिन’साठी लेखिकेला कोरियातल्या 2017 च्या बेकसांग पुरस्कारांत टीव्ही विभागातला सगळ्यात मोठा सन्मान मिळाला आणि नायकाचं काम करणाऱ्या गाँग यूला अभिनयाचा. मूळ कोरियन नावात ‘एकाकी आणि झळाळता देव’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि पुढे ‘दोक्काएबी’. या दोक्काएबीचं इंग्रजीत गॉब्लिन केलं, तिथंच घोटाळा झाला. गॉब्लिन म्हटलं की हिरवट, मोठ्या कानांचं, खोडसाळ बुटकं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. दोक्काएबी तसा नाही. कोरियाच्या लोककथांत माणसाच्या रक्ताचा डाग पडलेल्या जुन्या वस्तूचा, अगदी झाडूचासुद्धा, दोक्काएबी होतो. तो मेलेल्या माणसाचं भूत नसतो. वाटेत आडवा येतो, कुस्तीला बोलावतो, प्रसन्न झाला तर धन देतो.

हे मायला कसं सांगावं? मी म्हटलं, आपल्या पिंपळावरच्या मुंजासारखा समज. पुढे गोष्ट सांगितली. किम शिन हा जुन्या कोरियातल्या गोर्यो राज्याचा सेनापती. लढाया जिंकून आला, प्रजा त्याचा जयजयकार करायला लागली, आणि कुणीतरी कान भरलेल्या पोरवयाच्या राजानं त्याला दारातच मारलं. तलवार छातीत तशीच राहिली. तेव्हापासून तो मरेना, म्हातारा होईना. आता त्याचं वय नऊशे एकोणचाळीस. ती तलवार फक्त त्याच्या नवरीला दिसणार आणि तिनं उपसली तरच तो सुटणार. माय ऐकत होती. म्हणाली, “मंग मुंजाच की. त्याचं बी लगीन राह्यलेलंच आसतंय.” मी गप्पच बसले. इतके दिवस मी मुलांना मुंजाच्या गोष्टी सांगते, पण तो कुणाची तरी वाट बघत बसलेला असतो हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

तर ती नवरी म्हणजे जी उन-ताक. बारावीच्या वर्गातली पोर. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, मावशीच्या घरात मोलकरणीसारखी राहते, आणि तिला मेलेली माणसं दिसतात. वाढदिवसाला समुद्राच्या धक्क्यावर एकटी उभी राहून ती केकवरच्या मेणबत्त्या फुंकते आणि हा नऊशे वर्षांचा सेनापती हातात बकव्हीटच्या पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन तिच्यापुढं उभा राहतो. का आलो, कसा आलो, त्यालाच माहीत नाही. तिनं काहीही फुंकून विझवलं की त्याला यावंच लागतं. किम गो-उननं हे काम फार सुरेख केलंय. ही पोर रडूबाई नाही. बडबडते, भांडते, नोकरी मागते, नवरा मागते. दुःख तिच्या बोलण्यात नसतं, ती दप्तराचे पट्टे ज्या हातांनी धरते त्या हातांत असतं. अशा पोरी मी वर्गात पाहिल्यात, म्हणून सांगते.

किम शिनच्या घरात भाडेकरू म्हणून राहतो एक यमदूत. काळी टोपी, काळा कोट, आणि स्वतःच्या मागच्या जन्मातलं काही आठवत नाही. हे काम ली दोंग-वूकचं. दोघांची जेवणाच्या टेबलावरची भांडणं, मोबाइल शिकताना उडणारी तारांबळ, एकमेकांवर रुसून खोल्यांत जाऊन बसणं, हे सगळं पाहताना आम्ही तिघी पोट धरून हसलो. मायला हसवायला भाषांतर लागलंच नाही. पण याच यमदूताला चिकनच्या दुकानाची मालकीण सनी पहिल्यांदा दिसते तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ते का येतंय ते त्याला कळत नाही. ती नाव विचारते, तर सांगायला नाव नाही. मला मुख्य जोडीपेक्षा ही जोडी जास्त लागली. यू इन-नानं सनी अशी उभी केलीय की पुढच्या भागात ती कधी येते याची मी वाट बघायचे.

किम शिन उदास झाला की पाऊस पडतो. सोलचे लोक छत्र्या उघडतात आणि वैतागतात. इथं मला थांबून मायला दोनदा सांगावं लागलं, कारण तिला ते पटतच नव्हतं. दुःखाचा पाऊस कसा? ज्या वर्षी ही मालिका तिकडे सुरू झाली, त्याच 2016 सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी दहा टाक्यांची होती. आमच्याकडे ढग आले की माणसं अंगणात येऊन उभी राहतात. मायनं जरा विचार करून विचारलं, “मंग त्याचं दुःख गेलं तर पाऊस बंद व्हणार?” व्हय म्हटलं. ती म्हणाली, “आन् वेचणीच्या दिवसांत रडला तर? कापूस पिवळा पडंल की.” तिथून पुढे ती किम शिनच्या मनःस्थितीवर असं लक्ष ठेवायला लागली की काय सांगू. तो हसला आणि भर थंडीत झाडाला बहर आला, तेव्हा तिनं हात जोडले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मालिकेत सामशिन नावाची एक देवी आहे. कोरियात लेकरू पोटी घालणारी, बाळ-बाळंतिणीला सांभाळणारी ही आजी. इथं ती कधी पुलावर सामान मांडून बसलेली म्हातारी होते, तर कधी लाल कपड्यांतली देखणी तरुण बाई. सामशिन म्हणताच माय म्हणाली, सटवाई. मी मान हलवली, पण फरक आहे. आपली सटवाई पाचवीच्या रात्री येते, आपण पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, ती कपाळावर लिहिते आणि निघून जाते. पुढं त्या लेकराचं काय झालं ते बघायला ती परत येत नाही. ही येते. उन-ताक जन्माला यायच्या आधीपासून ती तिच्या वाटेवर कुठं ना कुठं बसलेली असते.

निम्म्याच्या पुढं मालिका गेली की शाळेच्या निरोपाचा दिवस येतो. सगळ्या पोरींच्या आया फुलं घेऊन आल्यात, फोटो चाललेत, आणि उन-ताक एका बाजूला उभी आहे. तेवढ्यात लाल कपड्यांतली ती बाई सरळ आत येते, पोरीला पोटाशी धरते आणि तिच्या हातात गुच्छ देते. गुच्छ कापसाच्या बोंडांचा. उन-ताक विचारते, मला का? तिचं उत्तर असं, की तुला घडवताना मला आनंद झाला होता.

लेकीनं सांगितलं, कोरियात कापसाच्या फुलाचा अर्थ आईची माया असा धरतात. मी वाचायचं विसरले. माझ्यापुढं माय बसलेली होती. तिनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची रानातली पूजा, करून पहिली वेचणी सुरू झाली की पहाटे भाकरी बांधून जायची, कमरेला ओटी बांधायची आणि दिवसभर वाकून दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करायची. नांदेड-४४ च्या काळापासून बीटीच्या काळापर्यंत वाणं बदलली, तिचं वाकणं तेच राहिलं. ज्यांनी वेचलाय त्यांना माहीत असतं, उमललेल्या बोंडाची वाळलेली टोकं नखासारखी असतात, बोटाच्या पेराला आणि नखाच्या कडेला टोचतात. हंगाम संपेपर्यंत मायच्या बोटांना चिरा पडायच्या. ती माझी वेणी घालायला बसली की त्या चिरांत केस अडकायचे, तुटायचे, आणि मी ओरडायचे. मग तिनं वेणी घालायचं काम आत्याकडं दिलं. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

मायनं टॅब हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. “ह्यो कापूसच हाय ना गं?”

“व्हय.”

“फुलावाणी देत्यात?”

“व्हय माय.”

बराच वेळ बघून म्हणाली, “नखं काढल्यात का बघ की. पोरीच्या हाताला लागतील.”

हे दृश्य इथंच संपत नाही. उन-ताकला वर्षभर पाण्यात पाहणारी, आई नसलेली पोर म्हणजे वाया गेलेलीच असं धरून चालणारी तिची शिक्षिका तिथं असते. सामशिन तिच्याकडं वळते. शाप देत नाही, रागावतही नाही. लहान बाळाला हाक मारावी तशी हाक मारून विचारते, की तुला याहून चांगली शिक्षिका नसतं का होता आलं? आणि त्या बाईचे डोळे वाहायला लागतात. तीही सामशिननंच घडवलेली.

मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागात दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात आणि काही लेकरं आजी-आजोबांकडं मागं राहतात. पाचवीतली एक मुलगी रोज उशिरा यायची, केस न विंचरलेले, वही अर्धी. एक दिवस मी सगळ्या वर्गापुढं विचारलं, घरी कुणी बघणारं नाही का तुझ्याकडं? ती बोलली नाही. घरी खरंच कुणी नव्हतं, आजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि आई कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्यावर. सामशिनचा तो प्रश्न वाचून दाखवायला गेले आणि माझा आवाज बसला, तो प्रश्न मायला मी त्या दिवशी सांगितलाच नाही. दुसऱ्या दिवशी सांगितला.

मालिकेत खटकणाऱ्या गोष्टी आहेत, त्या सांगायलाच हव्यात. शाळकरी पोर आणि पोक्त पुरुष यांचं प्रेम मला पहिल्या निम्म्या भागात झेपलं नाही. ज्या भागात दहावीच्या आत पोरींची लग्नं उरकायची घाई असते तिथं राहून, मुलींना शिकवून, मला ते गोड मानता येत नाही. पुढं काही वर्षं उलटतात, ती नोकरी करणारी स्वतंत्र बाई होते, तेव्हा कुठं मी श्वास सोडला. पण लेकीशी यावर नीट बोलले आणि ज्यांच्या घरात वयात येणाऱ्या मुली आहेत त्यांनीही बोलावं. दुसरं, जाहिराती. कधी सँडविच, कधी गाडी, कधी मेणबत्त्यांचं दुकान, कॅमेरा नको तितका थांबतो. तिसरं म्हणजे शेवटचे तीन-चार भाग. एकदा निरोप झाला, पुन्हा भेट, पुन्हा निरोप. तेराव्या भागात जे घडतं ते इतकं जोरकस आहे की पुढचं सगळं त्याच्या सावलीत जातं. एकेक भाग तासाहून मोठा, पहिला भाग तर लढाया आणि ओळखी यांतच जातो. तो धीरानं बघा. दुसऱ्या भागाच्या शेवटी धुक्यातून किम शिन आणि यमदूत चालत येतात, तिथून मालिका हात सोडत नाही.

चित्रण देखणं आहे. कॅनडातलं क्वेबेक शहर, दार उघडलं की थेट तिथं पोचणं, बकव्हीटच्या पांढऱ्या फुलांनी भरलेलं रान. गाणी लेक अजून गुणगुणते. शक्य असेल तर मूळ आवाजातच पाहा. गाँग यूचं अर्धं काम त्याच्या आवाजात आहे.

आणखी एक. यमदूताची चहाची खोली आहे, मेलेलं माणूस तिथं बसतं, तो त्याला एक पेला चहा देतो. प्याला की या जन्मातलं सगळं विसरायला होतं. पहिल्यांदा ते दृश्य आलं तेव्हा माय काही बोलली नव्हती. शेवटचा भाग झाला, लेकीनं टॅब चार्जिंगला लावला, मी चुलीवर आधण ठेवलं. तेव्हा तिनं विचारलं, “तिथला च्या प्यावाच लागतोय का?”

मी म्हटलं, न पिणारे पण असतात.

“मंग मी न्हाई प्यायची,” ती म्हणाली आणि साखरेचा डबा माझ्याकडं सरकवला.