गाडी ठोकली तेव्हा कळलेली पॉलिसी: सर्वसमावेशक मोटार विम्याचे परीक्षण

मोटार विम्याचे खरे परीक्षण हप्ता भरताना होत नाही, ते क्लेम करताना होते. चार वर्षे मी नेमाने हप्ता भरत होतो आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावरील ‘सर्वसमावेशक’ हा शब्द पाहून निर्धास्त होतो. गाडीच्या चौथ्या वर्षात, पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावल्यावर माझ्या गाडीचे तोंड त्याच्या मागच्या लोखंडी दांड्याखाली शिरले. कोणाला इजा झाली नाही, परंतु बंपर, जाळी, डावा हेडलाइट, बोनेट, रेडिएटर आणि एसीचा काँडेन्सर एवढे सगळे एका फटक्यात कामातून गेले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी ही पॉलिसी ओळीओळीने वाचली. हे परीक्षण त्या वाचनाचे आणि त्या बिलाचे आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण माझाही तो होता. दुरुस्ती महाग आहे एवढ्यावरूनच विमा पैसे देतो असे नाही. नुकसान कशामुळे झाले हे पाहून देतो. अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, दरड कोसळणे, दंगल अशी कारणांची एक यादी पॉलिसीत असते आणि दुरुस्तीचे मूळ त्या यादीतील एखाद्या कारणात सापडले, तरच पुढचे पान उलटायचे. गिअरबॉक्स दगडावर आपटून फुटला तर तो क्लेम होतो. तोच गिअरबॉक्स झिजून खडखडू लागला तर खर्च तेवढाच असूनही पॉलिसी त्याच्याकडे पाहत नाही. झीज, जुनेपणा, यांत्रिक किंवा विजेच्या यंत्रणेतील बिघाड हे सगळे बाहेर. त्यासाठी उत्पादकाची वाढीव वॉरंटी असते आणि ती वेगळी वस्तू आहे. विक्रेते एकाच दमात दोन्ही विकतात म्हणून ग्राहकाच्या मनात त्यांची सरमिसळ होते, एवढेच.

माझे कारण यादीत चोख बसत होते, त्यामुळे क्लेम मंजूर होण्याबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता किती मंजूर होतो हा. इथे घसारा नावाचा पाहुणा येतो. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसला की त्या नवेपणाचा फायदा गाडीमालकाला होतो, म्हणून त्याची किंमत मालकाने सोसावी, असा त्यामागचा हिशेब आहे. माझ्या पॉलिसीतील तक्त्यानुसार रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के, काचेवर शून्य आणि उरलेल्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो. हा वयाचा घसारा पहिल्या सहा महिन्यांत काहीच नसतो, चौथ्या वर्षात २५ टक्क्यांवर पोहोचतो आणि दहा वर्षे उलटल्यावर ५० टक्के होतो. मजुरीला हात लावत नाहीत. रंगकामाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के रक्कम सामानाची धरून तिच्यावर ५० टक्के कपात करतात.

नुसते टक्के वाचून अंदाज येत नाही, म्हणून माझे बिल शंभर धरून मांडतो. त्यात प्लास्टिकचे भाग ३६, धातूचे ३४, मजुरी १८ आणि रंगकाम १२ होते. कंपनीकडून प्लास्टिकचे १८, धातूचे साडेपंचवीस, मजुरीचे पूर्ण १८ आणि रंगाचे साडेदहा, म्हणजे एकूण ७२ आले. उरलेले २८ माझ्या खिशातून गेले. त्यावर प्रत्येक क्लेममागे ठरलेली सक्तीची वजावट आणि तिच्या जोडीला, हप्ता कमी व्हावा म्हणून मीच मोठ्या हौसेने स्वीकारलेली ऐच्छिक वजावट. नवा कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा, नट-बोल्ट ही मंडळी तर या शंभराच्या हिशेबातही नव्हती. ‘कन्झ्युमेबल्स’ या नावाखाली ती सगळी थेट माझ्या नावावर चढली. आजच्या गाडीचा दर्शनी भाग बहुतांशी प्लास्टिकचा असतो, त्यामुळे समोरून बसलेल्या साध्या धक्क्यातही निम्मी कपात होणारे भागच अधिक निघतात, हे गाडी घेताना कोणी सांगत नाही.

सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी करणारा, हा या सगळ्या कथेतील मुख्य माणूस. माझ्याकडे आलेले गृहस्थ शांत आणि कामात वाकबगार होते. त्यांनी आधी चेसिस क्रमांकाचा फोटो घेतला, मग बोनेटची कड बोटाने चाचपत नेली आणि एस्टिमेटच्या कागदावर प्रत्येक भागासमोर ‘बदला’ किंवा ‘दुरुस्त’ असा शेरा मारत गेले. हेडलाइटपाशी ते थांबले. काच शाबूत होती, मागचा बसवायचा एक कान तेवढा तुटला होता. असा कान दुरुस्तीच्या किटने जोडता येतो, असे त्यांचे म्हणणे पडले. सर्व्हिस ॲडव्हायझर गप्प. मी दिवा हातात घेऊन तिरका धरला, तेव्हा आतल्या परावर्तकावर तड्याची केसाएवढी रेघ दिसली आणि ‘दुरुस्त’ खोडून ‘बदला’ झाले. गाडी पाहायला सर्व्हेअर येतील त्या वेळी मालकाने तिथे हजर असावे, असे मी म्हणतो ते याच अनुभवावरून.

दुसरी गोष्ट गाडी खोलल्यावरची. पुढचा भाग खोलल्यावर रेडिएटरचा आधारपट्टाही वाकलेला निघाला, जो बाहेरून दिसत नव्हता. अशा छुप्या नुकसानीसाठी वर्कशॉप पुरवणी एस्टिमेट पाठवते आणि सर्व्हेअर पुन्हा पाहणी करतात. हे काम रीतसर झाले, मात्र त्यात सहा दिवस गेले, आणि त्या सहा दिवसांत विमा कंपनीच्या मदतवाहिनीवर मला दर वेळी निराळ्या व्यक्तीला पहिल्यापासून सगळे सांगावे लागले. उत्पादन म्हणून पॉलिसीला मी बरे गुण देईन. सेवा म्हणून ही वाहिनी नापास. ‘कॅशलेस’ या शब्दाचा अर्थही तिथे कोणी धड सांगितला नाही. कंपनीचा वाटा वर्कशॉपला परस्पर मिळतो, आपला वाटा भरल्याशिवाय किल्ली हाती येत नाही, एवढाच तो अर्थ आहे. काढलेले जुने भागही आपले राहत नाहीत. भंगाराची किंमत हिशेबात धरली जाते.

महागड्या दुरुस्तीचा सर्वांत तिढ्याचा प्रकार म्हणजे परिणामी नुकसान. सर्व्हेअरांनीच बोलता बोलता एक उदाहरण सांगितले. गाडीखाली दगड लागून ऑइल चेंबर फुटतो. तो अपघात, म्हणून चेंबरची भरपाई मिळते. चालक मात्र डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा दुर्लक्षून गाडी तशीच हाकत राहतो, तेल वाहून जाते, बेअरिंगे चिकटतात आणि इंजिन जाम होते. हे इंजिन दगडाने नव्हे, तेलाविना चालवल्याने गेले, असे म्हणून ते मूळ पॉलिसीतून वगळले जाते. पुराच्या पाण्याचेही तसेच आहे. उभ्या गाडीत पाणी शिरून गालिचे, आसने, वायरिंग खराब झाले तर ते पुराचे नुकसान म्हणून ग्राह्य धरतात. पण पाणी ओसरल्यावर मालकाने उत्साहाने स्टार्टर मारला आणि सिलिंडरमधील पाणी हवेसारखे दाबले न गेल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला, की त्या इंजिनाचा खर्च मालकाचा. भिजलेल्या गाडीला चावी लावायची नाही, टो करून न्यायची, हा नियम इथे अक्षरशः इंजिनाच्या किमतीचा आहे.

दुरुस्तीचा खर्च फारच वाढला तर हिशेबाची पद्धतच बदलते. पॉलिसीत गाडीची जी किंमत नोंदलेली असते, जिला आपण आयडीव्ही म्हणतो, तिच्या ७५ टक्क्यांहून दुरुस्ती महाग ठरत असेल, तर गाडी पूर्ण नुकसान म्हणून गणली जाते आणि दुरुस्तीऐवजी त्या किमतीच्या आधारे भरपाई होते. हप्ता घटवण्यासाठी आयडीव्ही खाली उतरवून घेणारे बरेच जण असतात; त्यांची चांगली दुरुस्त होण्याजोगी गाडीही या रेषेपलीकडे लवकर जाते, आणि हाती येणारी रक्कमही लहानच असते. ही काटकसर मला कधीच पटलेली नाही.

जादा हप्ता भरून मूळ पॉलिसीला जोडायच्या पुरवण्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. झिरो डेप, म्हणजे भागांवर घसारा न कापण्याची पुरवणी, माझ्याकडे असती, तर त्या २८ पैकी जवळजवळ काहीच मला भरावे लागले नसते. पाच वर्षांच्या आतील गाडीला ती घ्यावीच. अनेक कंपन्या वर्षातून दोनच क्लेमना ती लागू करतात, ती मर्यादा आधी वाचावी. सखल भागात गाडी उभी राहत असेल तर इंजिन संरक्षण घ्यावे. विजेवरच्या गाडीच्या मालकाने बॅटरीवर घसारा कसा लागेल आणि झिरो डेपमध्ये तिचा समावेश आहे का, हे लेखी विचारून घ्यावे, कारण त्या गाडीतील सर्वांत महाग भाग तोच आहे. चावी हरवल्यास भरपाई, सामानाची भरपाई वगैरे पुरवण्या मला शोभेच्या वाटतात.

किरकोळ ओरखड्यासाठी मात्र क्लेम करू नये. क्लेम नसलेल्या वर्षांची सवलत २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जाते आणि एका क्लेमने ती शून्यावर येते. माझी ३५ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. या अपघातात ती गेली, त्याची खंत नाही, कारण बिल मोठे होते. पण त्याआधीच्या वर्षी दाराच्या खरचटण्यासाठी क्लेम करण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता, तो मी ऐकला नाही हे बरे झाले.

नूतनीकरणाच्या वेळी मी कंपनी बदलली नाही. ऐच्छिक वजावट काढून टाकली, झिरो डेप आणि कन्झ्युमेबल्स या पुरवण्या घेतल्या, आयडीव्ही होती तशी ठेवली. हप्ता वाढला आहे. मदतवाहिनीबद्दलची लेखी तक्रार मी त्याच दिवशी पाठवली. तिची पोच आली आहे, उत्तर अजून आलेले नाही.