धार आणि सांधे चोख, लाकडाची ओल मात्र दुर्लक्षित: सोलापुरातला सुतारकामाचा वर्ग

अक्कलकोट रोडच्या बाजूला शनिवार-रविवारी भरणाऱ्या या वर्गात हातहत्यारांनी बारीक सांधे करायला शिकवतात. सुरुवात धारेपासून होते आणि तीच याची सर्वांत जमेची बाजू. नव्या पटाशीची (लाकूड कोरायच्या सपाट धारेच्या हत्याराची) पाठ टोकाजवळ दोन-तीन सेंटिमीटर सपाट होईपर्यंत पुढचं काही हातात देत नाहीत. मग 25 अंशांचा उतार, टोकाला 30 अंशांची बारीक कड, आणि पाठीमागे बोटाला बर, म्हणजे घासताना धारेवर उलटणारा धातूचा बारीक पापुद्रा, लागेपर्यंत 1000 ग्रिटच्या दगडावर घासणं. पूर्ण रुंदीभर बर आली नाही, तर त्यापेक्षा बारीक दगडावर कितीही घासून उपयोग नाही. पारखही योग्य शिकवतात: पाइनच्या फळीचं तोंड पटाशीने तासून बघायचं. तंतू कापले न जाता चिरडले, पांढुरके ठिपके दिसले, की परत दगडावर.

कुसू-खाचेचा सांधाही, म्हणजे एका फळीचं जिभेसारखं टोक (कुसू) दुसरीच्या खाचेत बसवणं, मनापासून करून घेतात. 18 मिमी जाडीला 6 मिमीची खाच, म्हणजे एक तृतीयांश. रेघ सुरीने आणि मार्किंग गेजने (कडेला समांतर रेघ ओढायच्या हत्याराने), पेन्सिलीने नाही. आरपार खाच दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी मारायची. एकाच बाजूने ठोकली तर पलीकडचा पापुद्रा उडतो. कुसू हाताच्या दाबाने बसायला हवं. हातोडीने जोर लावावा लागला, तर फळी चिरण्याची भीती.

डव्हटेलला, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या तिरप्या दात्यांच्या सांध्याला, घाई होते. सागासाठी 1:8 उतार सांगतात, तो बरोबर. पण टेलवरून (एका फळीच्या शेपटीसारख्या दात्यांवरून) पिन (दुसरीचे त्यांत बसणारे दाते) आखताना दोन्ही फळ्या क्लॅम्पने घट्ट धरायला सांगत नाहीत. फळी केसभर सरकली की एका कडेला फट, दुसरीकडे अडकण.

खरी उणीव लाकडाची. वखारीतला साग आला की लगेच कापायला घेतात, ओलावा मोजायचं मीटरही नाही. सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, हवा कोरडीठाक. अशा हवेत फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळपास नाही. म्हणून पेटीचा अखंड लाकडी तळ चारही बाजूंनी चिकटवला तर तो तडकतो. खोबणीत मोकळा ठेवावा लागतो. यावर एक अख्खा तास हवा. सागाच्या अंगच्या तेलामुळे फेविकॉल नीट धरत नाही, चिकटवण्याआधी सांधा थिनरने पुसावा, हेही कुणी सांगत नाही.

नाव घालणार असाल तर 6, 12 आणि 25 मिमीच्या पटाश्या पुरतात. वर्गात शेवटी करायच्या पेटीसाठीची फळी आधीच आणून, खाली पट्ट्या लावून, दोन-तीन आठवडे घरात सावलीत ठेवा.