जुन्या सायकलला कुठला गिअर शिफ्टर: ग्रिप, ट्रिगर की थंब?

गिअरच्या जुन्या सायकलचा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायची हँडलवरची कळ, गेला की मेस्त्री बहुधा एकच सांगतो, "पूर्ण सेट बदला." म्हणजे मागचं फ्रीव्हील (दातेरी चक्रांचा गठ्ठा), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग), चेन, सगळंच. फ्रेम धडधाकट आहे, चाकं सरळ फिरताहेत, डिरेलरची स्प्रिंग अजून कडक आहे आणि फक्त हँडलवरचा एक तुकडा खिळखिळा झालाय, तर एवढा खर्च करायची गरज नसते. मागे सहा किंवा सात चक्रं असलेल्या सायकलींना शिफ्टर आजही मिळतात. कुठला घ्यायचा हाच काय तो प्रश्न. गोव्यात राहून बारा महिने सायकल चालवणाऱ्याला त्याचं उत्तर पुण्याच्या माणसापेक्षा थोडं वेगळं मिळतं, असं मला वाटतं.

मी तिन्ही प्रकार एकाच सायकलवर वापरले आहेत. पुढे तीन, मागे सहा, अशी साधी अठरा गिअरची सायकल. रोजचा रस्ता करमळी ते पणजी: जुने गोवे, रायबंदर आणि पुढे पाटोपर्यंत पाण्याला लागून जाणारा तो सतराव्या शतकातला पोर्तुगीज पूल. रविवारी फेरीबोटीने दिवाडी बेट. रस्ता बराचसा सपाट. पण मांडवीचं खारं वारं सायकलला जातायेता लागतं, आणि फेरीच्या रॅम्पवर भरतीचं पाणी चढलेलं असलं की चेन आणि केबल त्याच पाण्यातून जातात. पुढे जे लिहितोय ते या रस्त्यावरचं आहे.

आधी जुळणीचं बोलून घेऊ, कारण दुकानात सर्वात जास्त घोटाळा तिथेच होतो. इंडेक्स शिफ्टर म्हणजे एका ठक्‌ला एक गिअर. शिमानो कंपनीने ही पद्धत १९८४ साली आपल्या ड्युरा-एस रोड सेटमध्ये आणली. या पद्धतीत शिफ्टर ठरावीक लांबीची वायर ओढतो आणि तेवढ्याने डिरेलर पुढच्या चक्राखाली जाऊन थांबतो. सहाच्या फ्रीव्हीलमध्ये दोन चक्रांमधलं अंतर साधारण ५.५ मिलिमीटर असतं, सातच्यात ५, आठच्यात ४.८. म्हणून "सहाला सातचा लावा, एक ठक्‌ जास्त राहील" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रत्येक उडीला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेवटच्या चक्रापर्यंत तो अडीच मिलिमीटर होतो. एवढ्यात चेन दोन चक्रांच्या मध्ये खडखडत राहते. सातच्या फ्रीव्हीलला आठचा शिफ्टर मात्र, सेटिंग मधल्या चक्रावर धरलं तर, बऱ्याच सायकलींवर चालून जातो. स्रॅम कंपनीचे १:१ पद्धतीचे शिफ्टर शिमानोच्या डिरेलरला चालत नाहीत, ते जास्त वायर ओढतात. आणि डिरेलर जुन्या सनटूर कंपनीचा असेल तर शिमानोच्या ठक्‌शी त्याचं जमेल अशी आशा ठेवू नये.

आता ग्रिप शिफ्टर. स्रॅमने १९८८ मध्ये ग्रिप शिफ्ट बाजारात आणला आणि हँडल पिळून गिअर बदलायची पद्धत त्यातूनच रुळली. शिमानोचा रेवोशिफ्ट सहा आणि सात, दोन्हींत मिळतो, स्वस्त असतो, आकडे ठळक दिसतात. घरातली मुलं तीच सायकल वापरत असतील तर शिकवावं लागत नाही. माझी तक्रार फक्त ओल्या हाताची आहे. जून ते सप्टेंबर तळहात आणि रबर यांच्यामध्ये पाणी असतं, उरलेल्या महिन्यांत घाम. दिवाडीला धक्क्यावरून खाजनातला (खाडीकाठच्या सखल शेतांतला) सपाट रस्ता संपून पिएदादचा चढ लागतो. तिथे हँडल घट्ट धरून दम लावायचा आणि त्याच मुठीने पिळून गिअरही हलका करायचा, हे माझ्या हाताला कधी नीट जमलं नाही. उलट खड्ड्यात मूठ आवळली की नको असताना गिअर बदलतो. हातमोजे घालणाऱ्यांना हा त्रास कमी होत असेल.

ट्रिगर हातात घेतला की आवडतोच. अंगठ्याने एक लिव्हर दाबायची, बोटाने दुसरी, मूठ हँडलवरून सुटत नाही, ब्रेक दाबता दाबता गिअरही बदलता येतो. पणजीत अठरा जून रस्त्यावर संध्याकाळी सायकल चालवायची असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. सातच्या आणि आठच्या फ्रीव्हीलला शिमानोचा अल्टस ट्रिगर सुटा मिळतो. सहाचा ट्रिगर मला मात्र बऱ्याच शोधानंतर मिळाला, आणि तोही ब्रेक लिव्हरला जोडलेला. ही जोडगोळी शक्यतो टाळावी. शिफ्टर बिघडला की चांगली ब्रेक लिव्हरही बरोबर काढून टाकावी लागते.

तुमच्या सायकलवर आधीच ट्रिगर असेल आणि लिव्हर दाबूनही काही पकडत नसेल, नुसती हवेत हलल्यासारखी फिरत असेल, तर नवा घेण्याआधी एक करून बघा. आतलं जुनं ग्रीस वर्षानुवर्षं घट्ट होऊन मेणासारखं होतं आणि छोटे खटके त्यात चिकटून बसतात. कव्हर काढून आत डब्ल्यूडी-४० भरपूर मारा, लिव्हर सतत दाबत राहा, घाण बाहेर येऊ द्या, मग पातळ तेलाचे चार थेंब सोडा. मेलेले वाटणारे कितीतरी ट्रिगर एवढ्यावर जिवंत होतात. त्यात खर्च जवळजवळ नाहीच, म्हणून आधी हेच करावं.

मग मी ट्रिगर का काढला? वायरमुळे.

गोव्यात गिअरची वायर किती टिकते हे इथल्या सायकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. दुकानात मिळणारी साधी जस्ताचा मुलामा दिलेली वायर नदीकाठच्या हवेत एक पावसाळा काढते, दुसऱ्यात गंजते. गंज दिसतो मागच्या डिरेलरजवळ, जिथे आउटरचा (वायरवरच्या नळीचा) शेवटचा वळसा खाली येतो आणि पाणी साचतं. पण वायर तुटते ती बहुधा वर, शिफ्टरच्या आत, डोक्यापासून (वायरच्या टोकाच्या गोळीपासून) बोटभर अंतरावर, कारण तिथे ती दर वेळी वाकते आणि सरळ होते. आधी एक तार सुटते, मग दुसरी. बाहेरून काहीच कळत नाही. गिअर थोडे जड लागायला लागतात आणि मग एखाद्या सकाळी चढावर वायर जाते. स्प्रिंग डिरेलरला सर्वांत लहान चक्रावर ओढून नेते आणि उरलेला चढ सर्वांत जड गिअरमध्ये चढायचा असतो.

एवढ्यावर निभावलं असतं. पण तुटलेल्या वायरचं डोकं आणि सुटलेल्या तारांचा झुपका ट्रिगरच्या पोटात राहतो. ट्रिगरमधून वायर बाहेर यायला शिफ्टर एका ठरावीक जागेवर असावा लागतो, मागचा असेल तर लहान चक्राच्या गिअरवर. तेव्हाच आतलं भोक आणि बाहेरचं भोक एका रेषेत येतं. तारा खटक्यांत अडकल्या की शिफ्टर त्या जागेवर यायलाच तयार नसतो. मग छोटा स्क्रू, त्याखालचं झाकण, चिमटा, टॉर्च. कधी सुईने एकेक तार उचलून काढावी लागते. एकदा फेरीच्या धक्क्यावर हेच करत बसलो असताना तो छोटा स्क्रू दगडांत पडला आणि बोट निघून गेली. ग्रिप शिफ्टरमध्येही वायर आतल्या फिरकीला वेढा घालून जाते. काहींत रबराखाली छोटी खिडकी असते, काहींचं कव्हरच उघडावं लागतं आणि त्याचे प्लास्टिकचे कान जुने झाले की मोडतात.

माझ्यासाठी निर्णय इथे झाला. इतर ठिकाणी वायर बदलणं हे तीन-चार वर्षांतून एकदाचं काम असेल, मग ती कशी निघते याचा विचार कोण करतो? आमच्याकडे आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेत (पावसाळ्याची बेगमी) भरायच्या दिवसांत, किंवा उशिरात उशिरा चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर, वायर बदलावीच लागते. दर वर्षी करायचं काम सोपं हवं.

थंब शिफ्टरमध्ये ते तसं आहे. हँडलच्या वर एक लिव्हर, तिच्या कडेला खाच, खाचेत वायरचं डोकं उघड्यावर बसलेलं. तार सुटायला लागली की सायकलवर बसल्या बसल्या दिसते. लिव्हर ढिली करायची, डोकं बोटाने ढकलायचं, वायर बाहेर. नवी त्याच वाटेने आत. माझ्याकडे सुटी वायर आणि पाचची ॲलन की कॅरियरच्या पिशवीत असते आणि हे काम पावसात छत्रीखाली झालेलं आहे. आत अडकण्यासारखं काही नाही, कारण फार काही आतच नाही.

या प्रकाराला तसा मोठा इतिहास आहे. शिमानोच्या १९८७ च्या डिओर एक्सटी माउंटन सेटचे थंब शिफ्टर लोक अजून शोधून घेतात. त्यांवर एक कळ असायची, हवं तर ठक्‌, हवं तर विनाठक्‌. ते सहज हाती लागणारे नाहीत. आजच्या साध्या पर्यायांत दोन वाटा आहेत. शिमानोचे टुर्नी थंब शिफ्टर, टीझेड-५०० किंवा टीएक्स-३०, सहा आणि सातमध्ये इंडेक्ससह मिळतात. दुसरी वाट म्हणजे सनरेससारख्या कंपनीचा निव्वळ फ्रिक्शन शिफ्टर, ज्यात ठक्‌ नाहीच. लिव्हर सरकवाल तिथे थांबते.

मी फ्रिक्शनवर आहे, दोन्ही बाजूंना. मागे सहा असोत, सात असोत, डिरेलर कुठल्याही कंपनीचा असो, वर सांगितलेल्या मिलिमीटरच्या भानगडीचा प्रश्नच उरत नाही. वायर थोडी ताणली, डिरेलरचा हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो ती पट्टी, सायकल आडवी पडून जरासा वाकला, तरी गिअर लागतो, कारण हाताने केसभर पुढेमागे करता येतं. पुढच्या तीन चक्रांसाठी तर मी फ्रिक्शनच सुचवेन, मागे तुम्ही काहीही घ्या. चेन पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासायला लागली की डावी लिव्हर किंचित हलवली की आवाज बंद. इंडेक्सवाल्या तीनच्या शिफ्टरमध्ये जुन्या सायकलवर हे घासणं पूर्ण बंद करणं मोठं जिकिरीचं असतं.

उणी बाजूही सांगतो. फ्रिक्शनला कान लावावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस गिअर अर्धवट लागतो, चेन कुरकुरते, मग अंगठ्याला अंदाज येतो. लिव्हरवरचा स्क्रू ढिला पडला की मागची स्प्रिंग लिव्हरला हळूहळू ओढून घेते आणि चढावर गिअर आपोआप जड होतो. तो स्क्रू मधूनमधून आवळायला हवा. भर रहदारीत ब्रेक आणि गिअर एकदम करायचं असेल तर अंगठा वर न्यावा लागतो, ट्रिगरइतकी सफाई येत नाही. अंगठ्याच्या सांध्याचं दुखणं असलेल्यांनी दुकानात लिव्हर फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नये. आणि एकच सायकल घरातले तिघे-चौघे वापरत असतील तर इंडेक्स थंब जास्त बरा. वायर काढायची सोय त्यातही आहे, म्हणून तो माझा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय.

घ्यायला जाताना मागची चक्रं मोजून जा आणि डिरेलरवरचं नाव लिहून न्या. सरळ हँडल असेल तर क्लॅम्प २२.२ मिलिमीटरचा लागतो. खाली वळलेल्या रोड हँडलची नळी २३.८ ची असते, त्यावर हा क्लॅम्प चढत नाही. म्हापशाला, मडगावला विचारा. तिथे नसेल तर बेळगावला कोणी जाणारं असल्यास सांगून ठेवा. फ्रिक्शन थंब बऱ्याच दुकानांत "आता कोणी मागत नाही" म्हणून मागच्या खोक्यात पडलेला असतो, एकदा शोधायला लावा.

शिफ्टरबरोबर आउटरही नवा घ्या, गिअरचाच, ४ मिलिमीटरचा, ज्यात तारा उभ्या असतात. ब्रेकचा गुंडाळीचा आउटर दाबाखाली आखडतो, त्यावर इंडेक्सचं सेटिंग टिकत नाही. फ्रिक्शनला तो चालून जातो, तरी मी तो घालत नाही. वायर स्टेनलेस स्टीलची मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन तीच घ्या. शेवटच्या वळशात पाणी साचू नये म्हणून आउटरच्या दोन्ही टोकांना टोप्या हव्यात.

तुमची सायकल सातची असेल, रोजचं चालवणं शहरात असेल आणि ती रात्री घरात राहत असेल, तर सुटा ट्रिगर घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त त्याची वायर पहिल्या दिवशी घरी बसून एकदा काढून परत घाला, म्हणजे तो छोटा स्क्रू कुठे आहे आणि शिफ्टर कुठल्या गिअरवर आणावा लागतो हे हाताला माहीत राहील. सायकल बाहेर उभी राहत असेल, नदीकाठचा किंवा किनाऱ्याचा रस्ता असेल, तर थंबच बघा.