समुद्राजवळच्या घराला सागवानी डेक : लाकूड, वखार आणि सुतारकाम, तिन्हीचा रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकतो. लाकूड पाचपैकी चार, सुतारकाम पाचपैकी पाच, वखारीची सर्व्हिस जेमतेम तीन. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण डेकिंग (म्हणजे उघड्यावर लाकडी फळ्यांची जमीन करणं) सर्च केलं की सगळं अमेरिका नाहीतर ऑस्ट्रेलियाचं येतं आणि त्यात रेवदंड्याचा जुलै नसतो, खारा वारा नसतो आणि मुख्य म्हणजे आपल्याकडचे सुतार नसतात.

जागा अशी, पडवीला लागून पश्चिमेकडे चिऱ्याचा ओटा, वर सिमेंटचा कोबा, साधारण दीडशे स्क्वेअर फूट, मागे सुरूची झाडं आणि पलीकडे समुद्र. टाइल्स लावायच्या नव्हत्या कारण पावसात घसरगुंडी होते. शेजारच्या होमस्टेवाल्यांनी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या) टाकलंय, ते दिसायला ठीक आहे पण एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा एकदा. साग पण तापतो, नाही असं नाही, पण तिथे नाचावं लागतं आणि इथे चालता येतं.

लाकूड निवडताना मुंबईतल्या एका शोरूममध्ये ईपे बघितलं. ब्राझीलकडचं लाकूड, दगडासारखं कडक, पाण्यात टाकलं तर बुडेल इतकं जड. मस्तच आहे पण किंमत ऐकून चहा घेऊन परत आलो. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून ते साइट्सच्या (CITES, जंगली झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे म्हणजे निर्यातीचे परवाने वगैरे लागतात, तेव्हा कोणी स्वस्तात ईपे देतो म्हणाला तर कागद मागा. मग बर्मा टीक. हे नाव आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत घेतात तसं घेतात, पण म्यानमारने एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली आहे. चिरलेला माल येऊ शकतो, पण वखारीत उभ्या असलेल्या प्रत्येक लालसर ओंडक्याला बर्मा म्हणणाऱ्याला थोडं खोदून विचारायला हवं. आफ्रिकेतला, दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग भरपूर येतो आणि तो वाईटच असतो असं मुळीच नाही, फक्त कोवळा असेल तर त्यात पांढरा भाग जास्त निघतो आणि गाभा कमी.

सगळी गोम या गाभ्यात आहे. सागाला वाळवी लागत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो, ते गाभ्यापुरतं खरं आहे, कारण त्याला वाचवणारं तेल आणि बाकीची रसायनं तिथेच असतात. बाहेरचा पांढुरका भाग साध्या लाकडाइतकाच कच्चा. फर्निचरमध्ये पॉलिशखाली लपून जातो, डेकवर पावसात उघडा पडतो आणि सडतो. त्यामुळे देश कुठला हे नंतर विचारा, आधी फळीच्या चारही कडा बघा. आम्ही शेवटी चंद्रपूरकडचा साग घेतला, बल्लारशाच्या सरकारी लाकूड डेपोच्या लिलावातला माल असं वखारवाल्याने सांगितलं आणि कागद पण दाखवले. अयोध्येच्या राममंदिरासाठी याच बाजूचा साग गेला होता, हे त्याने भाव सांगायच्या आधी दोनदा ऐकवलं, ते वेगळं.

हिशोब कसा करायचा ते लिहून ठेवतो कारण यात लोक फसतात. लाकूड मिळतं घनफुटात आणि डेक मोजतो आपण स्क्वेअर फुटात. एक घनफूट म्हणजे एक इंच जाडीच्या फळ्या बारा स्क्वेअर फूट. दीडशेला साडेबारा घनफूट, त्यावर कापाकापीचे पंधरा टक्के धरा म्हणजे साडेचौदाच्या आसपास, आणि खालच्या वाशांचं लाकूड वेगळं. शिवाय रंधा मारल्यावर एक इंच एक इंच राहत नाही, वीस-बावीस एमएम हातात येतं, म्हणून खालचे वासे लांब लांब टाकून चालत नाही, आमच्याकडे चौदा इंचावर आहेत.

वखारीचे मार्क इथे गेले. ठरलेल्या दिवशी माल आला नाही, आला तेव्हा काही फळ्यांच्या कडेला चांगला बोटभर पांढरा पट्टा. फोनवर म्हणे साहेब तेल लावल्यावर दिसणार नाही. अहो दिसण्याचा प्रश्न कुठे आहे! बदलून दिल्या, पण वाद घालून. लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर मात्र त्यांच्याकडे होता आणि लावून दाखवला, बऱ्याच ठिकाणी हा प्रकारच नसतो, म्हणून तीन.

आता सुतारकाका. गावातलेच, डेक हा शब्द त्यांना आवडत नाही, ते फळ्यांचा ओटा म्हणतात. मी स्टेनलेसचे स्क्रू आणून दिले तर म्हणाले, "दादा, स्क्रू तुमच्या पसंतीचे आना, पन भोकं मीच पाडनार." आणि प्रत्येक स्क्रूला आधी ड्रिलने भोक, डोक्यासाठी वर खळगा, फळीच्या टोकापासून अंतर राखून. हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात, मग टोकं तडकतात. स्क्रू ३१६ ग्रेडचे घ्या, समुद्राजवळ ३०४ वर पण तांबूस डाग येतात, आणि चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही तेव्हा भरवशाच्या ठिकाणाहूनच घ्या. साधे लोखंडी खिळे तर विसराच, ओल्या सागात लोखंडाभोवती काळे ओघळ येतात आणि ते जात नाहीत.

खालचं काम मला सगळ्यात आवडलं. कोब्याला भोक पाडलं नाही, सगळे वासे प्लास्टिकच्या पायांवर, उताराच्या दिशेने, म्हणजे फळ्यांतून पडलेलं पाणी कुठेही न अडता निघून जातं. वाशांच्या माथ्यावर ब्यूटाइलची (चिकट रबरी) टेप मारली कारण स्क्रूच्या भोकातून पाणी मुरतं ते तिथेच. कापलेल्या प्रत्येक टोकाला मेणाचं सीलर. फळ्यांमध्ये फट सहा एमएम, काम उन्हाळ्यात झालं म्हणून, पावसात लाकूड फुगतं आणि तीच फट निम्मी दिसते. दिवाळीच्या आसपास करणार असाल तर लाकूड अजून फुगलेलं असतं, तेव्हा थोडी कमी ठेवली तरी चालते. आमच्याकडे पाहुणे येऊन फट का ठेवली विचारतात, पैसे संपले का म्हणून!

वरच्या बाजूला खाचा पाडलेल्या फळ्या घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. घसरत नाही म्हणून विकतात, पण आपल्याकडे त्या खाचांत माती बसते, मग शेवाळ, आणि मग खरंच घसरतं. सपाट फळी घासता तरी येते.

मेंटेनन्सचं म्हणाल तर सुरूच्या काड्या हा मुख्य शत्रू. फटीत अडकतात, ओल धरून ठेवतात, पुट्टीच्या पट्टीने काढत बसावं लागतं, कंटाळा येतो पण पावसाआधी करावंच लागतं. बाकी साधा साबण आणि नरम ब्रश, रेषांच्या दिशेने. प्रेशर वॉशर लावू नका, लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुढे पायाला कुसळं टोचतात. पीयू किंवा मेलामाइन पॉलिश सुद्धा नको, उघड्यावर ते पापुद्रे धरतं आणि मग सगळं खरवडा. तेल लावायचं तर दिवाळीनंतर, लाकूड नीट वाळल्यावर, पातळ हाताने, जास्तीचं पुसून. बाजारातलं टीक ऑइल सागातून काढलेलं नसतं, बहुतेक जवस वगैरे तेल आणि थिनर असतं. आणि हे महत्त्वाचं, तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून वाळवा.

आम्ही आता तेल बंद केलंय. ऊन लागून साग राखाडी झालाय, घरच्यांना तो रंग जुना वाटतो, मला आवडतो, आणि मजबुतीला त्याने काही होत नाही, रंग जातो तो फक्त वरच्या थरातला. ज्यांना सोनेरीच हवाय त्यांनी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने धुवून परत तेल लावावं, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नंतर भरपूर पाणी. पण मग ते दरवर्षी आलं.

लाकडाचा एक मार्क कापला तो पायरीजवळच्या फळीसाठी, पागोळ्या नेमक्या तिच्यावर पडतात आणि टोकाला चीर गेलीय. काकांनी लपवायच्या क्लिपा न वापरता वरून स्क्रू मारले तेव्हा मी जरा कुरकुर केली होती, दिसतात म्हणून, पण त्यामुळेच बाकी काहीही न उचकटता ती एकच फळी काढता येणार आहे. शिल्लक राहिलेली एक पडवीच्या माळ्यावर ठेवली आहे, पाऊस संपला की काका येतो म्हणालेत.