मानेतली गाठ: इलास्टोग्राफी आणि डिफ्युजन एमआरआय, दोन्ही केलेल्यांकडून

काकांच्या जिभेच्या कडेला जखम होती, तंबाखू जुनीच, बायोप्सीत कॅन्सर आला. कॅन्सर मानेतल्या गाठींत (लिम्फ नोड, त्या सगळ्यांनाच असतात) शिरलाय का ते बघायला सर्जनने एमआरआय लिहून दिला आणि सेंटरच्या काउंटरवरचे म्हणाले इलास्टोग्राफी पण करून घ्या, लगेच कळतं, म्हणून दोन्ही झालं.

इलास्टोग्राफी म्हणजे सोनोग्राफीच, फक्त गाठ किती कडक ते मोजतात, कारण कॅन्सर शिरलेली गाठ बहुतेक वेळा कडक होते. जेल लावलं, काकांना श्वास धरा, गिळू नका सांगितलं आणि प्रोब अगदी अलगद टेकवला, जोरात दाबला तर चांगली गाठ पण कडक दिसते म्हणे. शेजारी कॅरोटिडचे (मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीचे) ठोके चालूच, कडकपणाचा किलोपास्कलमधला आकडा दरवेळी वेगळा यायचा, टेस्ट करणाऱ्या मॅडमनी खराब रीडिंग सरळ टाकून दिली आणि पुन्हा घेतली. मला तर हेच आवडलं, कारण या टेस्टमधे मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. पण घशामागच्या खोल गाठींपर्यंत प्रोब पोचतच नाही.

एमआरआयमधे ती अडचण नाही, दोन्ही बाजूंची अख्खी मान दिसते. डिफ्युजन म्हणजे एमआरआयमधेच गाठीतल्या पाण्याची हालचाल बघतात, त्याला इंजेक्शन पण लागत नाही, पेशी दाटीवाटीने असतील तर ती हालचाल अडते आणि एडीसी (त्या हालचालीचा आकडा) कमी येतो. गंमत म्हणजे नॉर्मल गाठी पण त्या फोटोत चमकतात, त्यामुळे चमक बघून घाबरू नका, एडीसी मॅप बघावा लागतो. आवाज डोकं उठवणारा, आणि काकांच्या दाढेच्या मेटल कॅपमुळे जबड्याखालचा भाग वेडावाकडा आला, नेमका तोच हवा होता!!

आपल्याकडे टीबी पण आहेच, त्याच्या गाठी दोन्ही टेस्टना फसवतात. आणि गाठ आतून सडली असेल तर ती मऊ लागते, एडीसी पण वाढतो, म्हणजे नेमकी वाईट गाठ चांगली वाटू शकते.

सर्जन म्हणाले दोन्ही क्लीन आले असते तरी मानेचं ऑपरेशन सोडलं नसतं, कॅन्सरचे बारीक कण कशातच दिसत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०१५ चा अभ्यास सांगितला, तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमधे गाठी आधीच काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमधे ६७.५ टक्के. मग इलास्टोग्राफीचा उपयोग काय, तर सुई कुठे घालायची ते. कडक भाग बघूनच एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) केली, पहिल्याच वेळी पॉझिटिव्ह आली.

माझ्याकडून एमआरआयला ५ पैकी ४. इलास्टोग्राफीला ३, सुई टाकणारेच डॉक्टर करणार असतील तर ४, पण काउंटरवर कोणी म्हणतंय म्हणून वेगळे पैसे भरू नका. सेंटरला २. रिपोर्ट उशिरा, सीडीत एडीसी मॅपच नाही, सेकंड ओपिनियनवाल्यांनी पहिलं तेच मागितलं आणि आम्हाला परत हेलपाटा. निघण्याआधी सीडी तिथेच लावून बघा.