काठीतली बासरी: शिक्का 1820 चा, माल आत्ताचा

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या काठीवर ‘व्हिएन्ना, 1820’ असा ठसठशीत शिक्का होता. तो सोडला तर त्या काठीत 1820 चं काहीच नव्हतं. फोटोंत हे कळत नाही, कारण विक्रेता मूठ दाखवतो, आतली नळी नाही.

चाकान ही काठीतली, सरळ धरून वाजवायची बासरी. 1807 च्या सुमारास वादक आंतोन हेबर्लेने ती लोकांपुढे आणली आणि व्हिएन्नात तिची फॅशन झाली. पुढे सात भोकं, मागे अंगठ्याचं एक. बहुतेक चाकान ए-फ्लॅट या सुरात असतात, म्हणजे वाजणारा भाग जेमतेम 40 सेमीचा. उरलेली नुसती काठी.

खरी परीक्षा नळीची. जुनी नळी फुंकणीकडे रुंद, खाली निमुळती असते. आमच्या काठीत ड्रिल सरळ आरपार मारलेलं, टॉर्च लावला की आत वळसेदार ओरखडे आणि बाहेरून काळपट दिसणाऱ्या लाकडाचं पांढरंफटक पोट. अशा एकसारख्या नळीत खालचं सप्तक ठीक लागतं, वरचं उतरतं. दोन मिनिटं फुंकून पाहिलं तरी पुरे. (काठी खरी असेल तर त्याहून जास्त फुंकूच नये, कोरडं जुनं लाकूड ओलाव्याने तडकतं.)

व्हर्नियर कॅलिपरने नळीचं तोंड दोन काटकोनी दिशांना मोजा. लाकूड आडव्या दिशांना सारखं आकसत नाही, म्हणून दोनशे वर्षांनी गोल भोक थोडं लंबगोल होतं. दोन्ही मापं तंतोतंत जुळली तर संशय घ्या. किल्लीखाली (भोक झाकणारी धातूची पट्टी) प्लस डोक्याचा स्क्रू दिसला तर मोजमापाचीही गरज नाही, तो स्क्रू 1930 च्या दशकातला.

‘हस्तिदंती’ मूठ रेझिनची निघाली. ती खरी असती तर मात्र पंचाईत मोठी होती, कारण भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे आणि पार्सल कस्टममध्येच अडकलं असतं.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा: नळीचा टॉर्च लावून काढलेला फोटो, किल्लीच्या खालच्या बाजूचा फोटो, दोन सप्तकांचं रेकॉर्डिंग. टाळाटाळ झाली की सौदा सोडा. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. आमची तक्रार गेल्यावर दुसऱ्याच दिवशी जाहिरातीतल्या ‘व्हिएन्ना, 1820’ चं ‘व्हिएन्ना पद्धतीची’ झालं होतं.